वरुडपासून पाच गाठी

भिवंडीहून पांढुर्णा-सौंसरकडे स्वतःच्या गाडीने जायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी हे वाचून घ्यावं. रस्ता कुणीही सांगेल. पण रस्ता सांगणारं काय सोबत घ्यावं, यावर मी पंधरा दिवस डोकं लढवलं. त्यातून जे शिकलो ते फुकट देऊन राहिलो.

मी लूमवर काम करतो. शाळा चौथीपर्यंत. गाव सावरगाव, जाम नदीच्या अलीकडे, पलीकडे पांढुर्णा. मध्य प्रदेशात असून आम्ही मराठी बोलतो, त्यामुळे भिवंडीत मला कुणी मध्य प्रदेशचा मानत नाही आणि भोपाळचा माणूस भेटला तर तोही मानत नाही.

जायचं ठरलं ते बहिणीच्या पत्रामुळे. सुजाताचं लग्न सौंसरला, नवऱ्या मुलाच्या गावी, बुद्धविहारात, रविवारी सकाळी अकराला. तिने लिहिलं होतं: "दादा, साडी तूच आन. पांढरी, निळ्या काठाची, मुंबईची. माय म्हनते दुसरी आनून ठेवू, तुहा भरोसा नाई. मी नाई म्हनलं. तू येशीन."

आता मायचं म्हणणं खोटं नव्हतं. मागच्या खेपेला मी रेल्वेने निघालो, गप्पांच्या नादात पांढुर्णा मागे टाकून थेट आमल्याला उतरलो. त्याच्या आधी एकदा बसने निघालो आणि वाटेत एका जत्रेत तीन दिवस राहिलो. आमच्याकडे म्हणच झाली आहे, मिलिंद निघाला म्हणजे पोचलाच असं नाही. म्हणून या खेपेला मी ठरवलं की रहमान चाचांची जुनी मोटरसायकल घ्यायची आणि सोबत असं काहीतरी घ्यायचं की चुकायची सोयच राहणार नाही.

पहिली वस्तू होकायंत्र. मुंबईच्या जुन्या बाजारात एका पथारीवर मिळालं, पितळेचं, झाकणाचं. विकणारा म्हणाला, "जहाज का है, भाई. समंदर में रास्ता दिखाया, तेरी फटफटी को नहीं दिखाएगा?" साठ रुपये सांगितले, पस्तिसाला दिलं. दुसऱ्या दिवशी कामावर नेलं. सुई सरळ चौदा नंबरच्या लूमकडे. मी दहा पावलं सरकलो, सुई बारा नंबरकडे. अख्ख्या शेडमध्ये फिरलो, प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळी. रहमान चाचा आमचे जॉबर, लूम दुरुस्त करणारे. ते हसून हसून खाली बसले. "अरे मिलिंद, लोहे के जंगल में लाया इसको! बाहर ले जा." बाहेर नेलं तर सुई नीट वागली. पण उत्तर कुठे आहे हे कळून मी काय करणार? मला उत्तरेला जायचं नव्हतं, सौंसरला जायचं होतं. पथारीवाल्याने वीस रुपयांत परत घेतलं.

दुसरी वस्तू चाचांनी सुचवली, ती म्हणजे तोंड. "पूछते पूछते आदमी मक्का पहुंच जाता है." पण विचारत जाण्यात माझा धोका असा की मी विचारतो, मग बसतो, मग चहा होतो, मग संध्याकाळ होते. तोंड माझ्यापाशी जन्मापासून आहे आणि त्यानेच मला आमल्याला नेलं.

तिसरी वस्तू नकाशा. ठाण्याच्या एका दुकानातून महाराष्ट्राचा मोठा रस्त्यांचा नकाशा आणला. खोलीत सात जण राहतो, सातही जण वाकून बघायला लागले. भिवंडी सापडली, नाशिक, धुळे, अकोला, अमरावती, वरुड. वरुडच्या पुढे बोट सरकवलं तर कागद कोरा! माझं घर जिथे पाहिजे तिथे छापखान्याने किलोमीटरची पट्टी छापलेली.

आमच्या खोलीतला श्रीपत साताऱ्याचा. तो म्हणाला, "मिल्या, तू पट्टीवर राहतोस की रे."

मग परत ठाण्याला. मध्य प्रदेशचा नकाशा मागितला. दुकानदाराने हिंदीतला दिला. त्यात पांढुर्णा होतं, सौंसर होतं, मोहगाव, लोधीखेडासुद्धा. पण महाराष्ट्र कोरा. म्हणजे माझी नोकरी एका कागदावर, माझं घर दुसऱ्या कागदावर, आणि मधे दोघांचाही कोरा किनारा.

मी काय केलं, तर दोन्ही नकाशांचे कोरे किनारे कात्रीने कापले आणि मैद्याची खळ करून एकमेकांना चिकटवले. वरुडचा रस्ता पांढुर्ण्याच्या रस्त्याला बरोबर मिळाला. खोलीत टाळ्या पडल्या. वाळायला पंख्याखाली ठेवला.

आता अंतर. गाडीचा किलोमीटरचा काटा बंद. मी लूमवरून पांढरं सूत आणलं, कापून पडलेल्या पट्टीवर धरून दहा किलोमीटरला एक गाठ मारली आणि नकाशावर रस्त्याच्या प्रत्येक वळणाबरोबर दोरा फिरवत नेला. भिवंडी ते सौंसर अठ्ठ्याहत्तर गाठी. दोरा खिशात. एक गाव मागे पडलं की तेवढ्या गाठी अंगठ्याखालून सरकवायच्या. याहून भारी यंत्र जगात नसेल असं मला वाटलं, आणि मी ते सगळ्यांना सांगितलं.

गुरुवारी सकाळी निघालो. साडी मेणकापडात गुंडाळून, वर प्लास्टिकची पिशवी, वर माझा शर्ट, आणि हे सगळं कॅरिअरला सुतळीने करकचून. सोबत दोन प्लग, पंक्चरचा डबा, एक चेनची कडी. एवढं घ्याच. कसारा घाटात ट्रकच्या मागे राहा, पुढे जायची घाई करू नका. माझी गाडी तापली म्हणून मी दोनदा थांबलो आणि दोन्ही वेळा त्याच ट्रकवाल्याने हात केला. नाशिकला मिसळ खाल्ली. तिथून धुळ्यापर्यंत रस्ता सरळ आणि वारा समोरून. धुळ्याला मुक्काम धर्मशाळेत, दोन रुपयांत खाट, पांघरूण आपलं आणावं. खानावळीत शेवभाजी मागा. तिखट सोसत नसेल तर आधी सांगा, नंतर सांगून उपयोग नाही.

शुक्रवारी जळगाव, भुसावळ, मलकापूर. जळगावच्या बाजूला केळीच्या बागा आणि वांग्याचं भरीत. एका धाब्यावर भरीत-पुरी खाताना मी दोरा काढून टेबलावर मोजायला लागलो. धाबेवाला बघत राहिला.

"जपमाळ हे का भाऊ?"

"नाही, रस्ता आहे."

त्याने विषय बदलला.

अकोल्यापर्यंत गाठी इतक्या बरोबर निघाल्या की मला थोडा गर्व झाला. मैलाचा दगड यायच्या आधी मी गाठ सरकवायचो आणि दगड मान खाली घालून तेच सांगायचा. बाळापूरच्या पुढे तर मी दगड बघायचंच सोडलं.

शनिवारी अकोला सोडलं. अमरावतीला चहा-कचोरी, मोर्शीला पंक्चर. दुपार कलली तेव्हा वरुडला पोचलो. वरुडच्या बाहेर संत्र्याची बाग लागली. तोड चालू होती. बायका फांद्यांखाली, माणसं पेटाऱ्यात गवत घालून संत्री रचत होती. हवेला सालीचा वास. मी पाणी प्यायला थांबलो. बागवान म्हातारा होता, बोलायला मोकळा.

"कुठी चालला?"

"सौंसर. उद्या बहिणीचं लग्न आहे."

"मंग बस ना. संत्रं खा."

मी दोरा काढला. वरुडपासून पाच गाठी. पन्नास किलोमीटर. सव्वा तासाची वाट. घरची सगळी सौंसरला पोचली असणार, तिथे पाहुण्यांची गर्दी, झोपायला जागा नाही. उद्या नऊला निघालो तरी सव्वादहाला हजर. मी बसलो. संत्री खाल्ली, भाकर-पिठलं खाल्लं, पेटाऱ्यांच्या शेडमध्ये गवतावर झोपलो. सांगायला लाज वाटते, पण झोप फार चांगली लागली.

वाचकांनो, तोंडाने मला थांबवलं नव्हतं. या खेपेला नकाशाने थांबवलं.

रविवारी नऊला निघालो. सीमेवर पाटीची भाषा बदलली आणि रस्ताही बदलला. खड्डे हिंदी बोलायला लागले. पांढुर्ण्यात शिरायला दहा वाजले. जामच्या पुलावरून सावरगावकडे बघितलं, नदीकाठचे पळस नुसते पेटले होते, पण घराला कुलूप असणार म्हणून वळलो नाही. दोरा बघितला. दोनच गाठी उरल्या. वीस किलोमीटर. आरामात.

गावाबाहेर सौंसरच्या फाट्यावर दगड होता. त्यावर लिहिलं होतं, सौंसर ४५.

मी गाडी थांबवली. दोरा बघितला, दगड बघितला. मला वाटलं दगड चुकला. खरंच वाटलं. मी उतरून दगडावरची धूळ पुसली, न जाणो दोनाचा चार दिसत असेल.

फाट्यावरच्या झाडाखाली एक म्हातारेसे गृहस्थ उभे होते. पांढरं धोतर, कोट, आणि दोन्ही हातांत टोपली. टोपलीत केळीच्या पानाखाली झेंडूचे नि मोगऱ्याचे हार. ते मला बघत होते.

"काय शोधून राहिला बे, दगडात?"

"काका, हे पंचेचाळीस बरोबर आहे का?"

"तो दगड तुह्या आज्यापासून तिथीच हाय. त्यानं कधी जागा बदलली नाई."

"पण माझ्या हिशेबानं वीस."

"मंग तुह्या हिशेबानं जाय," ते म्हणाले, "अन् मलेबी घेऊन चाल. मोटर गेली माही. हार घ्याले आलो होतो, हारवाल्यानं उशीर केला. अकराचं लगन हाय."

दोरा तसाच हातात, आणि तेव्हा डोक्यात शिरलं. दोन नकाशे दोन छापखान्यांचे. महाराष्ट्र मोठा काढलेला, मध्य प्रदेश एवढा पसरलेला म्हणून कागदावर बसवायला बारीक काढलेला. खाली कोपऱ्यात त्याची पट्टी वेगळी होती. मी ती बघितलीच नाही; इकडची पट्टी मी तिकडच्या जमिनीवर लावली. सीमेपासून पुढचं सगळं अंतर अर्धं मोजलं. तीन गाठींचा रस्ता मी खळीत चिकटवून टाकला होता.

"बसा काका."

ते मागे बसले. टोपली डोक्यावर धरता येईना म्हणून माझं साडीचं गाठोडं सोडून मांडीवर घेतलं आणि वर टोपली ठेवली.

"हे मऊ काय हाय?"

"कपडे आहेत."

निघालो. मागून बोलणं सुरू झालं ते सौंसरपर्यंत थांबलं नाही. ते मोहगावचे. भाच्याचं लग्न, म्हणजे हे नवऱ्या मुलाचे मामा. "पोरगी सावरगावची हाय. पोरगी सोन्यासारखी, पन तिचा भाऊ! एक नंबरचा भटक्या. मुंबईकडं कुठी तरी राह्यते. नवरीची साडी त्याच्यापाशी. काल येनार होता, आलाच नाई. सकाळपासून पोरगी साध्या लुगड्यात बसून हाय. शेजारनीनं आपली पांढरी साडी आनून देल्ली, तर ही हात लावाले तयार नाई. म्हनते, दादा येईन."

माझा हात ॲक्सिलेटरवर आपोआप वळला.

"हळू, लेका! हार उडून राहिले." मग थोड्या वेळाने, "असा भाऊ माहा असता तर त्याले मी जाममध्ये बुडवला असता."

"उन्हाळ्यात जामला पाणी नसतं, काका."

"मंग वाळूत गाडला असता."

मी कबूल का केलं नाही, विचाराल. एक म्हणजे त्यांच्या मांडीवर हार होते आणि रागात माणूस हात सोडतो. दुसरं, मला ते ऐकायचंच होतं. भिवंडीला आल्यापासून तीन वर्षांत माझ्याबद्दल गावात काय बोलतात ते मला कुणी एवढं मोकळं सांगितलं नव्हतं.

अर्ध्या रस्त्यात पूल दुरुस्तीला काढलेला. ट्रकांची रांग. मी नकाशा काढायला लागलो. मामांनी तो बघितला, खळीची रेघ बघितली. "हे काय जोडून ठेवलं? ठेव खिशात. डाव्या हाताले वळ."

"तिकडे रस्ता नाही नकाशात."

"नकाशात नसन. मोहगावात हाय."

मग मामा सांगत गेले आणि मी वळत गेलो. "मोहाचं झाड आलं का वळजो. नाई, हे नाई, पुढचं. विहिरीपासून उजवीकडं. आता सरळ. सरळ म्हनलं ना! ते बैल पाहून कायले वळला? परत ये." असं यंत्र कुणी बनवलं की मागून बसून बोलत राहील आणि चुकलं की शिव्या देईल, तर मी ते पहिलं विकत घेईन. फक्त त्याला शिव्या मोहगावच्याच येत असाव्यात.

एका कोरड्या नाल्यात चाक वाळूत रुतलं. मामा उतरले, टोपली डोक्यावर, माझं गाठोडं बगलेत. मी ढकलतोय, ते वरून सांगतायत. "जोर लाव! तुह्या घरी कोनाचं लगन नाई म्हनून असा ढकलून राहिला का?"

मी ढकललं. असं ढकललं की गाडी मलाच घेऊन वर गेली.

सौंसरला पोचलो तेव्हा घड्याळात अकरा वीस. विहाराबाहेर मांडव, निळ्या-पांढऱ्या पताका. माय दारातच उभी होती, डोळ्यांवर हात धरून. मला बघून तिने आधी मागे बघितलं.

"जय भीम मामा. हार आनले का?"

"आनले. या पोट्ट्यानं आनून सोडलं, बरं झालं. तुमच्या भटक्याचा काही पत्ता?"

माय माझ्याकडे बघत म्हणाली, "तुमच्या पुढंच तर उभा हाय."

मामांनी मला वरून खालपर्यंत बघितलं, मग बगलेतलं गाठोडं बघितलं. "अन् हे?"

"साडी," मी म्हणालो.

"पंचेचाळीस किलोमीटर!" मामा ओरडले. "पंचेचाळीस किलोमीटर मी याले याच्याच शिव्या देल्ल्या, अन् हा 'हो काका, हो काका' करत होता!" मांडवातले सगळे हसले. मामासुद्धा. पण कान पिळायचा तो पिळलाच.

सुजाता आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. शेजारणीची साडी घडी न मोडता बाजूला ठेवलेली. मी गाठोडं पुढे केलं. शर्ट, प्लास्टिक, मेणकापड. साडी कोरडी, सुरकुतलेली, तिला संत्र्याचा वास येत होता.

ती म्हणाली, "काल कुठी होता?"

"वरुडला."

"वरुड? घरापासून एवढं जवळ येऊन?"

"हो."

तिने साडी नाकाला लावली. "संत्री गोड होती का?" तिला हसू आलं आणि डोळेही भरले. मग तिने मला खोलीबाहेर हाकललं.

अर्ध्या तासाने ती निळ्या काठात बाहेर आली. पुढचं सगळं नीट चाललं होतं, तेवढ्यात लग्न लावणाऱ्या बौद्धाचार्यांनी हात पुढे केला. "सूत द्या." आमच्याकडे परित्राण, म्हणजे मंगल पाठ, म्हणताना नवरा-नवरीच्या हातात पांढरं सूत देतात आणि नंतर ते मनगटाला बांधतात. सगळ्यांनी मामांकडे बघितलं. हार आणि सूत, दोन्ही त्यांच्याकडेच सोपवलं होतं.

मामांनी कोटाचे खिसे तपासले. एक, दोन, तिसरा. "हारवाल्यानं उशीर केला, म्या घाईत..."

मी खिशातून दोरा काढला. लूमचं कोरं सूत, भिवंडीहून आणलेलं, धुळीने थोडं मळलेलं.

बौद्धाचार्यांनी हातात घेऊन बघितलं. "याला गाठी आहेत."

"किलोमीटर आहेत ते," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही, एक मामा सोडून. त्यांनी माझ्या पाठीत धपका घातला आणि म्हणाले, "होऊ द्या गुरुजी. भाऊ जेवढा चालून आला तेवढं बांधा." सुजाताने त्यातली एक गाठ बोटांत धरली आणि परित्राण संपेपर्यंत सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी सावरगावला घरी आलो. मायने नकाशा पसरायला लावला. "आपलं गाव कुठी हाय यात?"

मी शोधलं. पांढुर्णा होतं. सावरगाव कुठेच नव्हतं. एवढं लहान गाव कोण छापणार? मायने पांढुर्ण्याजवळ, नदीची रेघ होती तिथे बोट ठेवलं. "इथी." मी पेनाने ठिपका काढला. माय म्हणाली, थोडा मोठा काढ.

आता भिवंडीत आहे. परतताना रेल्वेने आलो, गाडी चाचांच्या ओळखीच्या एका ट्रकवर टाकली, कारण चेन तुटली. नकाशा खोलीच्या भिंतीवर आहे. श्रीपतने त्याचं गाव काढलं, मग बाकीच्यांनी आपापली. नकाशात नसलेली सात गावं आता त्यात आहेत. कुणी जायचं म्हणत असेल तर माझा सल्ला असा: होकायंत्र घेऊ नका. नकाशा घ्या, पण कोपऱ्यातली पट्टी वाचा, आणि दोन कागद जोडलेत तर दोन्ही वाचा. दगडाशी वाद घालू नका. रात्री मुक्काम करायचा असेल तर बहिणीच्या घरी पोचून करा. आणि फाट्यावर कुणी टोपली घेऊन उभं असेल तर घ्या मागे, शिव्या ऐकाव्या लागल्या तरी.

दोरा माझ्यापाशी नाही. लग्नात हाताला गुंडाळून जो उरला तो सुजाताने नेला. परवा तिचं कार्ड आलं. नवऱ्याचं अक्षर, बोलणं तिचं:

"दादा, मनगटावरचं सूत सुटलं, ते उरलेल्याले जोडून ठेवलं. गाठी मोजल्या. अठ्ठ्याहत्तर होत्या. मोहगावचे मामा म्हनले तीन कमी हाये. मी बांधल्या. आता एक्याऐंशी हाये. पोळ्याले येजो. आता तू कुठी थांबला ते मले इथी बसून कळते."